समुद्र डाव्या हाताला

१

मी धाराशिवला भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक आहे. म्हणजे जमिनी मोजते. दोन भावांमधला बांध नेमका कुठं, हे मी नकाशावरून सांगते आणि मग दोघंही भाऊ एक होऊन माझ्यावर चिडतात. तेरा वर्षं हेच केल्यावर दिशा आणि अंतर यांत मी सहसा चुकत नाही. घरच्या गाडीत मात्र मला मागच्या सीटवर बसवतात आणि माझं कोणी ऐकत नाही.

गाडी माझे यजमान अमरसिंह चालवतात. त्यांचं येडशीला खता-बियाण्यांचं दुकान आहे. रस्ता विचारणं म्हणजे त्यांना कुणापुढं हात पसरल्यासारखं वाटतं. लातूरला जायला निघून आम्ही एकदा औशाला जेवलो आहोत. तेव्हाही ते म्हणाले होते की मला औशालाच यायचं होतं.

यंदा दुकानाचा खप चांगला झाला म्हणून कंपनीनं दुकानदारांना सहकुटुंब एका बेटावर सहल दिली. बेटाचं नाव मी सांगणार नाही. आल्यापासून तीन मैत्रिणींनी विचारलं आणि तिघींना मी विषय बदलून चहा पाजला.

आम्ही चौघं गेलो. आम्ही दोघं, आमची सात वर्षांची सृष्टी आणि माझ्या सासूबाई धुरपदाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांची काशी तीनदा ठरून तीनदा राहिली होती. त्यामुळं त्यांनी सहलीचीच यात्रा करून टाकली. ट्रंकेतला तांब्याचा गडू काढला, चिंचेनं घासला आणि पिशवीत घातला. यात्रेहून गडूत पाणी आणायचं, घरी त्याची पूजा करायची, चार लोकांना तीर्थ आणि जेवण द्यायचं. त्याला आमच्याकडं मावंदं म्हणतात.

"आत्या, ती सहल आहे. तिथं मावंदं कशाचं करणार?" मी म्हणाले.

"समिंदर वलांडून जायचं न्हवं? मग यात्राच झाली की," आत्या म्हणाल्या. झालं, विषय संपला.

२

तिसरा दिवस परतीचा होता. चार वाजता धक्क्यावरून शेवटची बोट सुटायची, आणि ती चुकली तर पुढचं विमानही चुकणार होतं. बाकीचे दुकानदार हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात म्हशींसारखे डुंबत बसले. आमच्या ह्यांनी मात्र सकाळीच भाड्याची गाडी आणली. बेटाला वळसा घालणारा एकच रस्ता आहे, पुरता एकशे चार किलोमीटर. त्यावरून एक चक्कर मारायची आणि थेट हॉटेलजवळच्या धक्क्यावर उतरायचं, असा बेत. बॅगा डिकीत टाकल्या. हॉटेलच्या माणसानं हिंदीत सांगितलं, समुद्र कायम डाव्या हाताला ठेवा, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही.

"कळतंय आमाला," अमरसिंह म्हणाले.

आत्यांना गाडी लागते म्हणून त्या पुढं बसल्या. मी मागं डाव्या खिडकीशी, सृष्टी माझ्या उजव्या बाजूला. रस्ता खरंच सुंदर होता, हे मला कबूल करायलाच हवं. एका अंगाला हिरवागार डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली वाकलेली नारळाची झाडं आणि त्यांच्या बुडाशी निळं पाणी. प्रत्येक वळणाला वाटायचं की आता इथं उतरावं. मी चार ठिकाणी थांबा म्हटलं. चारही ठिकाणी ते "पुढं याहून भारी हाय" म्हणाले आणि पुढं आमच्या मागं ट्रक लागला.

"एवढं पाणी," आत्या काचेतून बघत म्हणाल्या, "आन् एक घोट पिता येत न्हाय. देवाची बी कमालच हाय."

सेहेचाळीसाव्या किलोमीटरला गाडी शेवटी थांबली, तीही सृष्टीला मळमळायला लागलं म्हणून.

३

तिथं डोंगराच्या बाजूला कातळातून पाणी पाझरत होतं. त्याखाली दगडांनी बांधलेली वीतभर खोल कुंडी होती. काठावर नारळाच्या करवंट्या ओळीनं मांडून ठेवलेल्या, सगळ्या पालथ्या. शेजारी एक म्हातारी बसली होती. अंग कोरडं होतं, पण पांढरे केस ओले होऊन मानेला चिकटलेले होते.

तिनं एक करवंटी सुलटी केली, भरली आणि माझ्या हातात दिली. पाणी इतकं गोड होतं की मी तीन करवंट्या प्यायले. सृष्टीचं तोंड धुतलं. मग गाडीतला पाच लिटरचा रिकामा कॅन आणला आणि भरायला बसले.

हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्याला सांगायला हवं. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी नळ येतो. पाणी दिसलं आणि हातात भांडं असलं की आम्ही ते भरतो. तहान आहे का, जवळ दुसरं पाणी आहे का, हे विचार नंतर येतात. माझं बालपण, माझं लग्न, माझं बाळंतपण, सगळं भरलेल्या पिंपांच्या मध्ये झालं आहे. वाहतं पाणी तसंच सोडून निघून जायचं हे माझ्या हातांना जमत नाही.

कॅन भरला तशी म्हातारी उठली. तिनं तो माझ्या हातातून घेतला, सगळं पाणी परत कुंडीत ओतलं आणि कॅन पालथा करून करवंट्यांच्या ओळीत ठेवला. मग तिनं माझ्या पोटाला बोट लावलं आणि मान डोलावली. कॅनला बोट लावलं आणि हात हलवला. इथं पोटभर पी, नेऊ नको. ते न कळण्याइतकी मी मूर्ख नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. दुकान बंद करताना माणूस फळ्या लावतो तशी ती ते करत होती.

मला मात्र भयंकर राग आला. सकाळपासून गाडीत कोणी माझं ऐकलं नव्हतं, आणि आता ही.

"बाई, पाणी काय आटतंय का तुझं?" मी मराठीतच म्हणाले. "आमच्याकडं येऊन बघ एकदा."

ती कातळामागं गेली. मी कॅन उचलला आणि काठोकाठ भरला. गाडीत पाण्याच्या सहा सीलबंद बाटल्या होत्या. मला त्या पाण्याची काडीची गरज नव्हती. मी ते निव्वळ जिद्दीनं घेतलं.

"बरं केलंस," आत्या मागून म्हणाल्या. त्या तिथं कधी आल्या होत्या आणि काय करत होत्या, ते मी बघितलं नाही.

४

कॅन सृष्टीच्या पायाशी ठेवला. पाच-सहा किलोमीटरवर अमरसिंहांनी फोटो काढायला गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. तेव्हा मला आवाज ऐकू आला. कॅनमधलं पाणी हलत होतं.

गाडी थांबल्यावर पाणी थोडा वेळ हलतंच. मी घड्याळ लावलं. एक मिनिट झालं, दोन झाली, साडेतीन झाली. पाणी एका कडेला चढायचं, थांबायचं, चुबुक करून खाली यायचं. खाली किनाऱ्यावर लाट फुटत होती. ती फुटली की इकडं पाणी चढत होतं.

"मम्मी, ह्यात मासा हाय का?" सृष्टीनं विचारलं.

"नाही. पाय वर घे."

गाडी उतारावर असेल, सीट हलत असेल, खालून ट्रक गेला असेल. मी तीन कारणं काढली आणि तिन्ही मला पटली नाहीत. पण हे अमरसिंहांना सांगायचं म्हणजे जन्मभराचं हसं. गाडी पुन्हा निघाली तशी मी सृष्टीच्या सुटलेल्या वेण्या घालायला घेतल्या. एक वेणी झाली, दुसरीची रिबन बांधली आणि मान वर केली. सृष्टीच्या डोक्यापलीकडच्या खिडकीत निळं पाणी होतं.

मी माझ्या खिडकीतून बघितलं. डोंगर.

"अहो, गाडी कधी वळवली?"

"कुठं वळवली?"

"समुद्र उजव्या हाताला आलाय."

अमरसिंहांनी स्वतःच्या खिडकीतून बघितलं. त्यांची मान जरा जास्त वेळ तिकडं राहिली. मग म्हणाले, "तू तिरकी बसून वेणी घालत व्हतीस. म्हणून तुला तसं वाटतंय."

"मी सरळ बसलेय आणि समुद्र उजव्या हाताला आहे. थांबवा गाडी."

मी उतरले. गाडीच्या तोंडाकडं तोंड करून पहिलीतल्या पोरीसारखा हात वर केला. ज्या हातानं जेवते त्या हाताला समुद्र होता. वाटेत एकही फाटा लागला नव्हता. ऊन बरोब्बर डोक्यावर होतं आणि माझी सावली माझ्याच पायाखाली, त्यामुळं दिशेचा पत्ता लागेना. मोबाइलच्या नकाशावर आमचा ठिपका होता, पण तो जमिनीवर नव्हता.

"परत फिरू," मी म्हणाले. "कुणाला तरी विचारू."

"रस्ता एकच हाय. एकच रस्ता चुकतोय कसा? समिंदर इकडून काय न् तिकडून काय, पाणीच हाय ते."

"तसं नसतं. बेटाला आपण बाहेरून फेरी मारतोय. समुद्र उजवीकडं म्हणजे..." मी थांबले, कारण वाक्य पुरं केलं असतं तर ते मलाच ऐकवलं नसतं.

"तुमचं दोघांचं झालं का?" आत्या पुढून म्हणाल्या. त्यांनी पिशवी पोटाशी धरली होती. "चारला बोट हाय म्हनं."

५

पुढच्या दोन तासांत मला जितका संताप आला तितका बांधाच्या भांडणातही कधी आला नव्हता. मी सांगत होते आणि ते ऐकत नव्हते, आणि आता ते ऐकत नव्हते कारण ते घाबरले होते. घाबरल्यावर त्यांची मान ताठ होते. मला लग्नाआधीपासून माहीत आहे.

वाटेत घर नाही, माणूस नाही. गाडीचं मीटर एकशे सतरा किलोमीटर दाखवत होतं. धक्का तेरा किलोमीटर मागं राहायला हवा होता. अडीच वाजून गेले होते. इंजिनच्या आवाजातही कॅन ऐकू येत होता.

"मम्मी," सृष्टी म्हणाली, "आता दोन्हीकडं हाय."

होतं. माझ्या बाजूचा डोंगर खाली खाली येत संपला होता आणि तिथंही पाणी होतं. मध्ये फक्त रस्ता, त्याच्या दोन्ही कडांना ओला फेस. अमरसिंहांनी वेग कमी केला.

उजव्या बाजूच्या पाण्यात कोणीतरी उभं होतं. कमरेइतक्या पाण्यात, रस्त्याकडं पाठ करून. पांढरे केस मानेला चिकटलेले. आम्ही पुढं गेलो, एक वळण घेतलं, आणि उजवीकडं तेवढ्याच अंतरावर पुन्हा तीच पाठ होती. तिसऱ्या वळणानंतर ती जवळ होती. पाणी तिच्या गुडघ्याइतकं होतं आणि मान हळूहळू आमच्याकडं वळत होती.

"गाडी थांबवा."

"आता कामून?"

"थांबवा म्हणते ना!"

मी सृष्टीच्या पायाखालून कॅन ओढला. तो जड लागला, पाच लिटरपेक्षा कितीतरी जड. दार उघडून मी उजवीकडं गेले, मान खाली घातली आणि सगळं पाणी रस्त्याच्या कडेवरून समुद्रात ओतलं. थेंबन् थेंब. मग कॅन पालथा करून दगडावर ठेवला. समोर कोण किती अंतरावर आहे हे मी बघितलं नाही. फक्त पाण्यातून चालण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

गाडीत बसून मी दार लावलं. दोन वळणं गेली. माझ्या खिडकीत नारळाची झाडं आली, त्यांच्या बुडाशी समुद्र, आणि समोर धक्का. तीन वाजून वीस मिनिटं.

"बघ," अमरसिंह म्हणाले. त्यांच्या हाताला घाम आला होता. "म्हणलं न्हवतं? रस्ता बरोबरच हाय."

बोटीत मी सृष्टीला मांडीवर घेऊन बसले. आत्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

६

मंगळवारी संध्याकाळी आम्ही धाराशिवला पोचलो. शेजारच्या केशरबाईंकडं आमची किल्ली होती. नळ सोमवारीच येऊन गेला होता आणि त्यांनी आमचे दोन्ही ड्रम, घागरी, बादल्या, सगळं भरून ठेवलं होतं. भरलेलं घर बघून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

बुधवारी सकाळी उठले तर सगळी भांडी पालथी होती.

दोनशे लिटरचे दोन ड्रम, चार घागरी, तीन बादल्या, कळशी, पिण्याचा हंडा. सृष्टीची शाळेची बाटलीसुद्धा ओट्यावर तोंड खाली करून उभी. सगळी नीट ओळीत. फरशीवर मात्र एक थेंब नव्हता. पाचशे लिटरच्या वर पाणी ओतलं गेलं आणि पायपुसणंही ओलं झालं नव्हतं.

अमरसिंह तडक केशरबाईंच्या दारात गेले. "वहिनी, भरलंच न्हवतं तर तसं सांगायचं."

"माझ्या लेकराची आन," केशरबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "सोमवारी सकाळी सातपासून पाइप धरून हुबी व्हते म्या तुमच्या दारात."

दोन घरांचं बोलणं बंद झालं. टँकर मागवला. गुरुवारी सकाळी परत तेच. या वेळी मी झोपायच्या आधी प्रत्येक भांड्याखाली खडूनं खूण करून ठेवली होती, आमच्या कामात करतात तशी. भांडी खुणांवरच होती. जागची न हलता पालथी झाली होती.

मी आत्यांवर संशय घेतला, हे लपवत नाही. म्हातारपणी माणूस झोपेत काहीबाही करतं. पण भरलेला ड्रम आमच्या दोघांनाही हलत नाही.

"मम्मी, देवघरात कोणतरी गुळण्या करतंय," सृष्टी दात घासता घासता म्हणाली.

"गप. शाळेला उशीर होतोय."

मी तिला गप म्हणाले. मी जाऊन बघितलं नाही. देवघरात लाल फडक्यात बांधलेला गडू होता हे मला माहीत होतं. त्यात समुद्राचं पाणी आहे असं मी धरून चालले होते, कारण आत्यांनी समुद्राचंच नाव घेतलं होतं.

७

मावंदं शुक्रवारी झालं. मला सुट्टी मिळाली नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला मोजणी होती, तिथं दोन चुलतभावांनी एकमेकांची गचांडी धरली, आणि मी घरी पोचले तेव्हा सहा वाजले होते. पंगत उठली होती. घरभर पुरणाचा वास येत होता. सृष्टी गाल फुगवून पाटावर बसली होती.

"झालं सगळं नीट?" मी विचारलं.

"लई बेस झालं," आत्या म्हणाल्या. "समद्यांनी तीर्थ घेतलं. गोड हाय म्हनले."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "गोड? समुद्राचं पाणी गोड कसं असेल, आत्या?"

"आगं, समिंदराचं खारं पाणी लोकान्ला पाजू व्हय? त्या कातळाच्या झऱ्याचं घेतलं की. तू कॅन भरत व्हतीस तवाच म्या बी गडू भरला. तुझं बघूनच."

मी देवघराकडं बघितलं. मग विचारलं, "उरलेलं कुठंय?"

"उरलेलं तीर्थ टाकतेत व्हय कुठं? लोकांनी पळी-पळी घेतलं. बाकीचं सृष्टीनं पेलं. आवडलं लेकराला."

"सगळं?"

"पाऊण गडू आसंल. कामून गं, आशी पांढरी कामून पडलीस?"

मी आत्यांना नको ते बोलले. सासूला कोणी बोलू नये असं बोलले, आणि त्या रडल्या. त्यांचा दोष काय होता? पाणी दिसलं, भांडं होतं, भरलं. आणि त्यांना ते नको म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं मला.

गडू देवघरात पाटावर पालथा होता. आत्या म्हणाल्या, म्या न्हाय ठेवला.

शनिवारी सकाळी सगळी भांडी रात्री ठेवली तशीच सुलटी होती आणि भरलेली होती. रविवारी सकाळीही. अमरसिंह खूश झाले. "गेली एकदाची भानगड," ते म्हणाले आणि केशरबाईंकडं पुरणपोळ्या देऊन आले. मी हंड्यातलं पाणी बघत उभी राहिले. ते अगदी स्थिर होतं. घरात आता कुणीच भांडी उलटून काही शोधत नव्हतं. मला त्या शांततेनंच धडकी भरली.

८

रविवारी दुपारी सृष्टी आतल्या खोलीत पलंगावर झोपली होती. मी तिच्याजवळ बसून मोजणीचे नकाशे पुरे करत होते. पंखा बंद होता, वीज गेलेली. बाहेर कडक ऊन. तेव्हा मला लाट ऐकू आली.

लांबून यायची, चढायची, थांबायची आणि चुबुक करून खाली यायची. मी खिडकी लावली. आवाज तेवढाच. मी वाकून सृष्टीच्या छातीला कान लावला.

किती वेळ तशी होते माहीत नाही. पोरीचा श्वास वेगळा चालला होता आणि त्याच्याखाली हे वेगळं. भरती होती. दर लाटेला पाणी आदल्या लाटेपेक्षा थोडं वर येत होतं.

मी अमरसिंहांना उठवायला बाहेरच्या खोलीत गेले. पंधरा पावलं जाऊन पंधरा पावलं परत, यापेक्षा जास्त नाही. त्यांना हलवलं, "उठा, सृष्टीला बघा," म्हणाले आणि परत फिरले.

सृष्टीचं डोकं पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होतं. दोन्ही वेण्या फरशीला टेकल्या होत्या. पाय वर होते, सरळ आणि जुळवलेले, हवेत. तिचे घोटे ओले होते आणि त्यांवर बोटांच्या जागी कातडी दबली होती. पलंगापलीकडं मानेला चिकटलेले पांढरे केस होते. चेहरा मी बघितला नाही. हात मात्र बघितले. ते हळूच आणि काळजीपूर्वक माझ्या लेकीला पालथं करत होते.

मी ओरडले का नाही ते मला आठवत नाही. मी सृष्टीला ओढलं आणि छातीशी उभं धरलं. पलंगापलीकडं नुसती भिंत होती. सृष्टीच्या तोंडाच्या कोपऱ्यातून पाण्याची एक धार गळत होती. मी ती बोटानं पुसली आणि जिभेला लावली. गोड होती.

"कोण व्हतं?" अमरसिंह दारातून म्हणाले. त्यांनीही बघितलं होतं. त्यांच्या मानेवरून मला कळलं.

डॉक्टर घरी येऊन गेले. छाती साफ आहे म्हणाले. मी त्यांना परत एकदा ऐकायला लावलं, त्यांनी ऐकलं, आणि माझ्याकडंच काळजीनं बघितलं. आता आत्या दाराशी बसल्या आहेत. तिथून त्या उठत नाहीत. सृष्टीला मी आडवं होऊ देत नाही. ती माझ्या उजव्या खांद्यावर डोकं टाकून उभ्यानंच पेंगते आहे. मी सारखा तोच विचार करते आहे. त्या म्हातारीला माझ्या लेकीशी काही वैर नाही. तिला तिचं पाणी हवं आहे. पण त्या पाण्याबरोबर आणखी काय ओतलं जाईल, ते तिला कसं समजावणार? त्या दिवशी तिनं खुणेनं सगळं सांगितलं होतं, आणि मी तिला मराठीत उलट बोलले होते.

सृष्टीनं मघाशी डोळे उघडले. "मम्मी, ती परत येनार हाय का?"

"नाही. आपणच जायचं आहे तिच्याकडं."

"मग आजीला बी घिऊ."

उद्या सकाळची तिकिटं मिळाली आहेत. कुंडीपर्यंत पोचायला दीड दिवस लागेल. तोवर तिला असंच उभं धरायचं, आळीपाळीनं. तिथं पोचल्यावर काय करायचं ते मला माहीत नाही. बहुतेक करवंटी देणारी तिथं बसलेली असेल आणि मी तिच्या पाया पडेन.

अमरसिंह बाहेरच्या खोलीत हॉटेलच्या त्या माणसाला फोन लावून बसले आहेत. तेरा वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच त्यांना कुणाला रस्ता विचारताना ऐकते आहे. फोनचा आवाज मोठा आहे, म्हणून पलीकडचंही ऐकू येतं. कातळाचा झरा त्याला माहीत नाही. तिथं तसं काही नाही, तो म्हणतो आहे. अमरसिंह पुन्हा विचारतात, हात जोडल्यासारख्या आवाजात. सेहेचाळीसावा किलोमीटर, भाऊ, डोंगराच्या बाजूला. नाही साहेब, तो म्हणतो. पण रस्ता एकच आहे. समुद्र तेवढा डाव्या हाताला ठेवा.

मी सृष्टीला उजव्या खांद्यावरून उचललं आणि डाव्या खांद्यावर घेतलं.